विश्वनाथ, विलास, विनय : मुलांच्या नावांचा बदलता प्रवास

वारणानगरमध्ये साखर कारखान्यापासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत ठिकठिकाणी ‘तात्यासाहेब कोरे’ हे नाव वाचायला मिळते. वारणेच्या खोऱ्यात सहकाराचे हे नगर वसवणाऱ्या तात्यासाहेबांचे (१९१४-१९९४) मूळ नाव मात्र विश्वनाथ. त्यांच्या मुलाचे नाव विलास आणि माजी मंत्री असलेल्या नातवाचे विनय. पहिले नाव देवाचे, दुसरे समृद्धी व आनंद सुचवणारे, तर तिसरे एका गुणाचे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत विसाव्या शतकात मुलांची नावे याच वाटेने बदलत गेली. कुटुंबाला कशाची भीती वाटते, कोणाचा आधार वाटतो आणि मुलाने काय व्हावे असे वाटते, हे त्या त्या काळातील नावांवरून कळते.

देव आणि आजोबा

पूर्वी बारशाला नाव ‘शोधावे’ लागत नसे. कुलदैवत आणि दिवंगत आजोबा, या दोन ठिकाणांहून ते आपोआप येई. वारणानगर ज्या पन्हाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वाडी रत्नागिरीचा जोतिबा आहे. त्यामुळे या पट्ट्यात जोतिबा, जोतिराम ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सीमाभागाच्या शेजारामुळे त्यात कानडी वळणाची भर पडली. लिंगायत व जैन घरांत बसाप्पा, अण्णाप्पा, देवगोंडा अशी नावे रूढ होती. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा होते.

आजोबांचे नाव नातवाला दिल्याने एक घरगुती अडचण उभी राही. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, हा दंडक. मग तिने स्वतःच्या मुलाला हाक कशी मारावी? तात्या, आबा, अण्णा, बापू, दादा या हाकेच्या नावांनी ही अडचण सोडवली. पुढे मूल कर्तृत्ववान झाले, की त्याच हाकेला ‘साहेब’ जोडले जाई. कागदोपत्री विश्वनाथ असलेली व्यक्ती लोकांच्या तोंडी तात्यासाहेब होते, त्यामागे हाकेच्या नावांची ही मोठी परंपरा आहे.

ज्योतिषाचाही वाटा होता. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अवकहडा चक्रातील आद्याक्षर निघे. अश्विनीसाठी चू, चे, चो, ला, तर रोहिणीसाठी ओ, वा, वी, वू. या अक्षराचे नावरस नाव अनेकदा पत्रिकेपुरतेच राही आणि व्यवहारात दुसरेच नाव चाले.

दगडू ते सिद्धार्थ

बालमृत्यूंचे प्रमाण मोठे होते, त्या काळात जगलेल्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून त्याचे नाव मुद्दाम ओबडधोबड ठेवले जाई. दगडू, धोंडू, भिकू, उकिरडा ही नावे त्यातली. या नावांत तिरस्कार नव्हता. मूल हातचे जाऊ नये ही धास्ती होती. धोंडो हे नाव महर्षी कर्व्यांचेही होते.

दलित वस्तीत मात्र अशाच नावांना दुसरा, कठोर अर्थ होता. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. गावकीच्या व्यवहारातही दलितांच्या मुलांनी भारदस्त नावे धारण करणे रुचत नसे. दया पवार यांचे मूळ नाव दगडू. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनात शिकून शहरात स्थिरावलेला दया आणि त्याच्या आत दडलेला दगडू समोरासमोर येतात. एका माणसाच्या दोन नावांत किती अंतर असू शकते, हे त्यातून मराठी वाचकांसमोर आले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयांना मुंबईत सिद्धार्थ (१९४६) आणि तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद (१९५०) ही नावे दिली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद, अशोक ही नावे बौद्ध घरांत मोठ्या अभिमानाने ठेवली जाऊ लागली. नाव बदलणे ही येथे हौस नव्हती. मानाने जगण्याचा तो हक्क होता. यातील राहुल, मिलिंद, सिद्धार्थ ही नावे पुढे जातिपातीच्या सीमा ओलांडून सर्वत्र पसरली.

स्वातंत्र्यानंतरचा हजेरीपट

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत शाळांच्या हजेरीपटांवर विजय, अशोक, प्रकाश, दिलीप, विलास, सुरेश, अनिल, सुनील, संजय, राजेंद्र ही नावे दिसू लागली. ‘बा’, ‘जी’ आणि ‘राव’ हे प्रत्यय गळाले. एकाच वर्गात तीन संजय असणे ही नेहमीची बाब झाली. शिक्षण, नोकरी, स्थलांतर, वृत्तपत्रे, रेडिओ आणि चित्रपट यांमुळे नावे आता गावाबाहेरूनही येऊ लागली.

याचे सर्वांत परिचित उदाहरण क्रिकेटचे आहे. कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांनी १९७३ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून सचिन ठेवले. पुढे हे नाव कोणामुळे घरोघरी पोहोचले, हे सांगायला नको. सुनील गावसकर यांनी मुलाचे रोहन हे नाव वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हाय यांच्यावरून निवडले. आजोबांची जागा अशा रीतीने आवडत्या कलावंताने आणि खेळाडूने घेतली.

कोल्हापूरशी नाते असलेल्या तीन ऑलिंपिकपटूंची नावे शेजारी ठेवली तरी हा बदल जाणवतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९२६ चे, जलतरणपटू वीरधवल खाडे १९९१ चा आणि पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक जिंकणारा नेमबाज स्वप्निल कुसाळे १९९५ चा. खाशाबा हे हाकेच्या वळणाचे, वीरधवल हे राजस थाटाचे आणि स्वप्निल हे कोवळ्या कल्पनेचे नाव. छत्रपतींच्या या नगरीत पृथ्वीराज, ऋतुराज, हर्षवर्धन, राजवर्धन अशा भारदस्त नावांची हौस आजही टिकून आहे.

नवी नावे, जुने देव

नव्वदीनंतर अक्षय, अनिकेत, ओंकार, शुभम, ऋषिकेश ही नावे आली. त्यांच्या पाठोपाठ अथर्व, सोहम, वेदांत, पार्थ आली. अलीकडे आरव, विहान, अर्णव, शिवांश, रेयांश, अद्वैत यांची चलती आहे. नाव सुटसुटीत असावे, इंग्रजीत लिहायला सोपे असावे, परदेशातही उच्चारता यावे आणि वर्गात दुसऱ्या कोणाचे नसावे, अशा पालकांच्या अपेक्षा असतात. वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये संगणक जोडणीचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा खेड्यात इंटरनेट हे नवल होते. आता खेड्यातील आई-बाबाही मोबाइलवरच नाव शोधतात.

तरीही देव गेलेले नाहीत. त्यांनी रूप बदलले आहे. जोतिबाला केदारनाथ किंवा केदारलिंग असेही म्हणतात. त्यामुळे आजोबा जोतिराम आणि नातू केदार असला, तरी दैवत एकच असते. खंडोबाचा खंडू मागे पडला. पण मल्हार पुन्हा आवडीचा झाला. महादेवाचा शिवांश झाला.

अर्थाच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. संस्कृतमध्ये ‘आरव’ म्हणजे आवाज, गलका; संकेतस्थळांवर दिला जाणारा ‘शांत’ हा अर्थ त्याच्या उलट आहे. ‘रेयांश’चा ‘किरणाचा अंश’ हा अर्थही संस्कृत व्युत्पत्तीला धरून नाही. नाव कानाला गोड लागले म्हणून ठेवण्यास हरकत नाही. मात्र अर्थासाठीच ठेवायचे असेल, तर शब्दकोश उघडून पाहावा.

नोंद करताना

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. त्या वेळी नाव ठरलेले नसले तरी नोंद होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून दाखल करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासारख्या कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य आहे. त्यामुळे बारशातील नाव आणि प्रमाणपत्रातील नाव यांत काना-मात्रेचाही फरक राहू देऊ नये.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव शासकीय दस्तऐवजांत ‘स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ या क्रमाने लिहिण्याचा निर्णय झाला आहे. नाव बहुधा वाडवडिलांचे, पुढे बापाचे नाव आणि आडनाव, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पाळण्याची दोरी हाती धरणारी आई त्या ओळीत कुठेच नसे. मुलाच्या नावातला हा बदल कोणत्याही नव्या नावाच्या लाटेपेक्षा अधिक काळ टिकेल.