काचेआधीचा आरसा

शिकागोचं ‘क्लाउड गेट’ मी चाकूरमध्ये बसून फोनवरच पाहिलंय. १९५४ साली मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचं ते शिल्प. त्यात इमारती वाकतात, आभाळ खाली उतरतं आणि समोरचा माणूस स्वतःलाच वेडावाकडा दिसतो. मला ते काचेचं वाटायचं. पण २००६ साली पूर्ण झालेलं हे शिल्प स्टीलच्या १६८ पत्र्यांचं आहे. जोड घासून घासून इतके गुळगुळीत केलेत की दिसतच नाहीत.

आरसा म्हणजे काच, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माझ्या डोक्यातून ते तेरमुळे निघालं.

लातूर, मुरूड, ढोकी करत गेलं की तेर लागतं. सातवाहनांच्या काळातलं हे तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणसोबत त्याचं नाव आहे. इथला माल गाड्यांनी भडोचला जाई. त्याच भडोचला समुद्रापलीकडून कच्ची काच येई. तेरच्या मातीत काचेचे मणीही सापडलेत. म्हणजे काच ओळखीची होती, पण तोंड बघायला लोक मुख्यतः घासलेला धातूच वापरत.

कारण साधं आहे. नुसती काच बहुतेक उजेड आरपार जाऊ देते, थोडाच परत पाठवते. बंद फोनमध्ये आपण अंधुक दिसतो ते म्हणूनच. घरच्या आरशातही चेहरा दाखवतो तो मागचा धातूचा थर, काच फक्त त्याची राखण करते.

तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, दागिन्यांनी मढलेली. तशीच जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली. तिसरी मिळाली थेट इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईत, १९३८ साली. पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यात वरून भोक आहे. म्हणून काही अभ्यासक तिला आरशाची मूठ मानतात, काही छोट्या मेजाचा पाय.

मूठ असेल, तर जरा डोळ्यांसमोर आणा. खाली कोरलेलं अंग, वर चकाकती चकती आणि चकतीत बघणारीचा चेहरा. ती बघेल तेव्हाच शिल्प पुरं होणार. कपूर यांच्या शिल्पाचंही तेच आहे, समोर माणूस नसेल तर ते अर्धंच.

अशा कलेला आपण ‘आधुनिक’ म्हणतो. मला आता तो शब्द वापरताना तेरची ती बाई आठवते. तिची चकती मात्र कुणाला सापडलेली नाही.