सेबल : ज्या राज्याने संपवला, त्याच राज्याने वाचवला

#थ्रेड
आकाराने साधारण मुंगसाएवढा, कुळाने आपल्याकडच्या पाणमांजराचा नातलग आणि अंगावर दाट, काळपट तपकिरी, रेशमासारखी लव. सायबेरियातील या ‘सेबल’च्या कातड्यापायी रशियन सत्ता पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचली. पुढे तिलाच हा प्राणी वाचवण्यासाठी कायदा करावा लागला. (१/१२)

१५८० च्या दशकात येर्माकच्या कॉसॅक टोळीने उरल पर्वत ओलांडून सिबिरच्या खानावर स्वारी केली. १६३९ मध्ये रशियन तुकडी ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्यावर उभी होती. साठ वर्षांत अख्खा खंड ओलांडण्याचे मुख्य कारण एकच : एका खोऱ्यातील सेबल सरले की पुढची नदी गाठायची. (२/१२)

वाटेत जिंकलेल्या जमातींवर ‘यासाक’ नावाचा कर बसे. तो प्रामुख्याने कातड्यांत द्यावा लागे. धडधाकट पुरुषामागे वर्षाला ठरावीक कातडी. वसुली चुकू नये म्हणून जमातीतील प्रतिष्ठितांना किल्ल्यात ओलीस ठेवले जाई. सापळा जमातीचा, जंगल जमातीचे, कातडे मात्र झारचे. (३/१२)

रशियन शिकारीही मागोमाग आले. त्यांच्याकडून सरकार दर दहा कातड्यांमागे एक घेई. १६३७ मध्ये सायबेरियाच्या कारभारासाठी मॉस्कोत स्वतंत्र खाते निघाले. म्हणजे सापळ्यांवर राज्याची नजर आरंभापासून होती. पण ती हिशेबनिसाची नजर होती. (४/१२)

सापळा साधाच असे. टेकूवर तोललेला जड ओंडका, खाली मासा किंवा मांसाचे आमिष. प्राण्याने आमिष ओढताच ओंडका कोसळे आणि कातड्याला भोक न पडता शिकार हाती येई. असे सापळे रांगेने मांडून शिकारी हिवाळाभर त्यांच्यावर फेऱ्या घालीत. केस सर्वांत दाट तेव्हाच असत. (५/१२)

शतक सरण्यापूर्वीच खोरी ओस पडू लागली. १६८० च्या दशकात मॉस्कोने पूर्व सायबेरियाच्या काही भागांत रशियन शिकाऱ्यांना सेबल पकडण्यास मनाई केली. त्यामागे प्राण्याची कणव नव्हती. जंगल रिते झाले तर जमाती यासाक भरणार कशातून, ही ती चिंता होती. (६/१२)

एकोणिसाव्या शतकात लंडन व लाइपझिगच्या बाजारांनी मागणी वाढती ठेवली. सेबल दुर्मीळ होत गेला तसा भाव चढला आणि भाव चढला तशी उरल्यासुरल्या सेबलमागे धाव वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक प्रदेशांतून तो नाहीसा झाला होता. (७/१२)

अखेर जून १९१२ मध्ये कायदा झाला. १ फेब्रुवारी १९१३ ते १५ ऑक्टोबर १९१६ सेबलच्या शिकारीवर पूर्ण बंदी. त्यानंतर दरवर्षी १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर शिकार बंद. कागदावर नियम चोख होता. पण शेकडो कोसांच्या जंगलात तो पाळला जातो की नाही, हे पाहणार कोण? (८/१२)

म्हणून काही क्षेत्रे कायमची राखायचे ठरले. १९१४ मध्ये डोप्पेलमायर यांच्या नेतृत्वाखालील पथक बैकल सरोवराच्या ईशान्य काठी, बार्गुझिनच्या डोंगरात गेले. सर्वांत गडद, सर्वांत महाग सेबल तिथला. तेथे तो मोजकाच उरला होता. नव्या कालगणनेप्रमाणे ११ जानेवारी १९१७ रोजी बार्गुझिन राखीव क्षेत्र जाहीर झाले. (९/१२)

मात्र ती भूमी निर्मनुष्य नव्हती. शेमागिर कुळातील एवेंकी लोक तेथे शिकार करून राहत होते. आरक्षणासाठी त्यांना ती जागा सोडावी लागली. ज्यांच्या पूर्वजांकडून यासाकची कातडी घेतली गेली, त्यांच्याच वंशजांकडून आता शिकारीचे रान घेतले गेले. (१०/१२)

दोन महिन्यांत झारशाही कोसळली, राखीव क्षेत्र टिकले. सोव्हिएत काळात १९३५ पासून काही वर्षे पुन्हा पूर्ण बंदी आली. पुढे परवाने आले, हजारो सेबल पकडून रिकाम्या जंगलांत सोडले गेले. आज सेबल धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणला जात नाही. परवान्याने त्याची शिकारही चालते. (११/१२)

११ जानेवारी हा दिवस रशियात राखीव क्षेत्रांचा दिवस म्हणून साजरा होतो आणि सेबलचे पुनरागमन हे खरेच मोठे यश आहे. परंतु या इतिहासात कर लादणारे आणि बंदी घालणारे हात एकाच सत्तेचे होते. आणि दोन्ही वेळा किंमत मोजणारे लोकही तेच होते. संवर्धनाचा कोणताही कायदा वाचताना ही दुसरी नोंदही वाचावी. (१२/१२)