व्याज तोंडी, अक्षरे नंतर



आपल्या भिशीत नंबर लागला की बहुधा साडी नाहीतर भांडी येतात. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला बायकांच्या बचतीतून बँक उभी राहिली.

तिथल्या लोहारकाम करणाऱ्या एका बाईला कर्ज नको होते. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर प्लास्टिकचे छत घालण्यासाठी तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम लहान म्हणून बँकेने खाते नाकारले. तेव्हा चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच सहकारी बँक काढायचे ठरवले. सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारा! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या कर्जावर बायकांनी शेळ्या घेतल्या, भाजीचे धंदे मांडले.

मी बी.कॉम. झाले, पण आधी बचत, मग कर्ज हा धडा त्या बाईकडून शिकले.

पापड-चटण्या विकू पाहणारी, पण भांडवलासाठी घरात हात पसरावा लागणारी एखादी आपल्यातही असते. परिग्रहाची मर्यादा आपण व्रतात घेतो. मग यंदा भिशीचा पहिला नंबर तिला देऊ या.