जीर्ण पिस्टनचा पुरावा : मुंबई उपनगरांतील द्विधाव एंजिनांच्या पुनर्बांधणीचा विचार

१

मुंबईच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन आजवर मुख्यतः कापडगिरण्या, गोदी व रेल्वे यांच्याभोवती झाले आहे. कारखान्यात वस्तू कशी निर्माण झाली, ती कोणी निर्माण केली, आणि त्या निर्मितीतून मालक व मजूर यांचे संबंध कसे घडले, हे प्रश्न आपल्या अभ्यासकांनी पुष्कळ बारकाईने हाताळले आहेत. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेली वस्तू पुढे वीस-तीस वर्षे कशी जगते, तिचे झिजलेले अवयव कोण बदलतो व कोणत्या आधारावर बदलतो, या प्रश्नाकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच गेले आहे. दुरुस्तीचा इतिहास हा उत्पादनाच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा असून त्याची साधने मात्र निराळी आहेत, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे. त्यासाठी एक लहान वस्तू निवडली आहे : स्कूटर, मोटारसायकल व रिक्षा यांच्या द्विधाव, म्हणजे बाजाराच्या भाषेत टू-स्ट्रोक, एंजिनाचा पिस्टन. मूळ कारखान्याचा पिस्टन मिळेनासा झाला म्हणजे बाजारातील कोणता पिस्टन घ्यावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ मिस्त्रीचा आहे. प्रत्यक्षात त्यात परवानापद्धती, व्यापारचिन्हांचा कायदा, प्रदूषणाचे निर्बंध आणि रोजंदारीचे अर्थकारण ही सर्व एकत्र आलेली दिसतात.

२

या प्रश्नाला मुंबईची उपनगरे ही स्वाभाविक भूमी आहे. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कांदिवलीला महिंद्र, मुलुंडला १९६१ पासून गॅब्रिएल अशी वाहने व त्यांचे भाग बनविणारी कारखान्यांची रांग स्वातंत्र्यानंतरच्या दीड-दोन दशकांत या भागात उभी राहिली. घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यान भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या १९४९ साली स्थापन झालेल्या कंपनीने मिलानच्या इनोचेंती कारखान्याच्या लँब्रेटा स्कूटरची जुळणी व पुढे निर्मिती केली. इकडे बजाज ऑटोला १९५९ साली दुचाकी व तीनचाकी वाहनांचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यातून पियाज्जोच्या परवान्याची व्हेस्पा निघू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला व १९७२ मध्ये चेतक आली. मुंबईत रिक्षाला माहीम व शीव यांच्या दक्षिणेस प्रवेश नाही. त्यामुळे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या स्थानकांबाहेरची वाहतूक प्रामुख्याने तीनचाकीच्या अंगावर पडली, आणि ही तीनचाकी दीर्घकाळ स्कूटरच्याच जातीच्या द्विधाव एंजिनावर चालत होती.

परवानापद्धतीच्या काळात नव्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नवे मिळत नाही म्हणून जुने टिकवावयाचे, ही गोष्ट तेव्हा निवडीची नव्हती. एंजिनाची पुनर्बांधणी हा वाहनाच्या आयुष्यातील अपवाद न राहता ठराविक काळाने येणारा संस्कार झाला, आणि त्या संस्काराच्या केंद्रस्थानी पिस्टन होता.

३

द्विधाव एंजिनात पिस्टनला इतके महत्त्व का, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. चतुर्धाव एंजिनात वायू आत घेण्याचे व बाहेर सोडण्याचे काम झडपा करतात. पिस्टनला केवळ दाब घ्यावयाचा व द्यावयाचा असतो. द्विधाव एंजिनात सिलिंडरच्या भिंतीतच द्वारे कोरलेली असतात आणि पिस्टनच्या वरच्या व खालच्या कडा ती द्वारे उघडतात व मिटतात. म्हणजे येथे पिस्टन हाच झडपेचे काम करतो. त्याची उंची, त्याच्या घेराची लांबी, त्यातील खिडक्या, पिस्टन-पिनपासून माथ्यापर्यंतचे अंतर, यांपैकी एकही माप बदलले तर एंजिनाचे कालमापनच बदलते.

याचे उत्तम उदाहरण उपनगरांतील दोन सर्वपरिचित एंजिनांतच सापडते. लँब्रेटा एलआय दीडशेचा व्यास ५७ मिलिमीटर व धाव ५८ मिलिमीटर. घनमान १४८ घन सेंटिमीटर. चेतकचा व्यास ५७ व धावही ५७, घनमान १४५.४५. व्यास तोच, धावेत फरक अवघ्या एका मिलिमीटरचा. फक्त व्यास सांगून पिस्टन मागणाऱ्या गिऱ्हाइकास दोन्ही एकच वाटावेत, अशी ही स्थिती आहे. परंतु लँब्रेटात कार्ब्युरेटरमधून येणारे मिश्रण सिलिंडरमधील आदानद्वारातून आत येते व ते द्वार पिस्टनची खालची कड उघडते. चेतकमध्ये मिश्रण थेट क्रँककेसमध्ये शिरते आणि त्याचे नियंत्रण फिरत्या क्रँकच्या पाळीकडे असते. पिस्टनच्या खालच्या कडेला तेथे आदानाचे काम नाही. म्हणून लँब्रेटाच्या पिस्टनचा घेर एक मिलिमीटरने आखूड झाला तर आदानद्वार प्रत्येक फेऱ्यात क्रँकच्या सुमारे दोन अंश आधी उघडते व तितकेच उशिरा मिटते. मंद गतीत मिश्रण कार्ब्युरेटरकडे उलटते, पेट्रोल वाया जाते आणि एंजिन चढणीला अडखळते. चेतकमध्ये तेवढ्याच चुकीने आदानाचे काही बिघडत नाही. तिसरा प्रकार रीड-झडपेचा. १९८५ पासून देशात निघालेल्या यामाहा आरएक्स शंभरमध्ये, ५० मिलिमीटर व्यास व ५० मिलिमीटर धाव असलेल्या एंजिनात, पिस्टनच्या आदानबाजूस खिडक्या असतात. त्या नसलेला पिस्टन व्यासाला बरोबर बसूनही निरुपयोगी ठरतो.

पिस्टनच्या खाचेत रिंगचे तोंड रोखून धरणारी बारीक खुंटी असते. चतुर्धाव एंजिनात रिंग फिरली तरी चालते. द्विधाव एंजिनात तिचे तोंड द्वारावर आले तर ते द्वारात उसळून अडकते व तुटते. सबब खुंटीची जागा भिंतीच्या भरीव भागासमोरच असावी लागते. बाजारातील पिस्टन तपासताना जाणता मिस्त्री व्यासाच्या आधी ही जागा पाहतो, ते याच कारणाने.

४

आता ‘कंपनीचा’ आणि ‘बाजाराचा’ या रूढ भेदाकडे वळू. उपनगरांतील सुट्या भागांच्या दुकानांत हा भेद इतका पक्का मानला जातो की, तो निसर्गसिद्ध वाटावा. इतिहास मात्र वेगळे सांगतो. वाहनांचे कारखाने आपले पिस्टन बहुधा स्वतः ओतीत नसत. मद्रासेस इंडिया पिस्टन्स ही कंपनी १९४९ साली निघाली. एस्कॉर्ट्‌स व जर्मनीतील गोएत्से यांच्या सहकार्याने १९५४ साली निघालेल्या कंपनीचा कारखाना पतियाळ्याजवळ उभा राहिला. गाझियाबादची श्रीराम पिस्टन्स १९६३ ची. या कंपन्या वाहनउत्पादकांना आणि सुट्या भागांच्या बाजाराला असा दोन्हीकडे माल पुरवीत आल्या. वाहनाच्या कंपनीचे नाव छापलेल्या डबीतला पिस्टन आणि ओतणाऱ्याचे स्वतःचे नाव छापलेल्या डबीतला पिस्टन यांचा उगम कित्येकदा एकच असू शकतो. फरक डबीचा व किमतीचा. खरा भेद आहे तो या दोहोंत एका बाजूस आणि दुसऱ्याचे नाव चोरून विकल्या जाणाऱ्या नकली मालात दुसऱ्या बाजूस.

येथे कायद्याची एक मर्यादा स्पष्ट होते. १९५८ चा व्यापारचिन्हांचा कायदा व त्याची जागा घेणारा १९९९ चा कायदा यांनी नावाचे रक्षण केले. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने आणि तिच्या १९५२ च्या प्रमाणचिन्ह कायद्याने दर्जाची हमी देण्याची सोय केली. परंतु एखाद्या विशिष्ट एंजिनाच्या पिस्टन-पिनची उंची वा घेराची लांबी ही माहिती मूळ कारखान्याच्या आरेखनात बंद असते. कारखाना चालू आहे तोवर तिला एक धनी असतो. इनोचेंतीची यंत्रसामग्री १९७२ साली स्कूटर्स इंडियाने विकत घेऊन लखनौला नेली. भांडुपच्या कंपनीला सत्तरीच्या दशकात आपल्या स्कूटरचे लँब्रेटा हे नाव सोडून लँबी हे नाव घ्यावे लागले. लखनौच्या कारखान्यातील स्कूटरनिर्मिती १९९७ साली थांबली. नावाचा वारसा असा कायद्याने हस्तांतरित होत गेला. मापाचा वारसा कोणाकडे गेला? त्याचे उत्तर असे की, तो लेथच्या दुकानांकडे व मिस्त्रींकडे गेला, आणि तोही कागदावर गेला नाही. काढून ठेवलेल्या जुन्या पिस्टनच्या रूपाने गेला.

५

या ठिकाणी प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा येतो. झिजलेला पिस्टन हा एक लेख आहे आणि त्याचे वाचन केल्याखेरीज नव्याची निवड करता येत नाही. त्याच्या माथ्यावर बाण असतो. तो निष्कासद्वाराकडे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूस, ठेवावयाचा. माप कोरलेले असते, ०.२५ वा ०.५० असा आकडा असल्यास ब्लॉक यापूर्वी एकदा वा दोनदा बोर झाला, असा त्याचा अर्थ. चेतकचा ब्लॉक वाढत वाढत एक मिलिमीटरपर्यंत गेला तर व्यास ५८ व घनमान सुमारे १५०.६ होते, त्यापुढे नवी स्लीव्ह घालून मूळ मापावर परतण्याचा मार्ग उरतो. ही आकडेवारी म्हणजे त्या वाहनाच्या आयुष्याची वंशावळच होय.

माथ्याखालील खुणा याहून बोलक्या असतात. चारही अंगांस उभे ओरखडे असतील तर पिस्टन व सिलिंडर यांच्यातील फट अपुरी होती. केवळ निष्कासबाजूस ओरखडे असतील तर तेल कमी पडले किंवा उष्णता बाहेर पडली नाही. माथ्याला भोक पडले असेल तर ठिणगी फार आधी पडत होती अथवा मिश्रणात पेट्रोल कमी होते. रिंगच्या खाली तपकिरी थर असेल तर रिंगांनी दाब धरणे सोडले होते. यांपैकी पहिल्या दोषाचा संबंध पिस्टनच्या धातूशी आहे. पिस्टन ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. सुमारे बारा टक्के सिलिकॉन असलेला मिश्रधातू दर अंशाला लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. पिस्टन १५० अंशांनी व सिलिंडर १०० अंशांनी तापला असे धरल्यास ५७ मिलिमीटर व्यासावर पिस्टन सुमारे ०.१७ व सिलिंडर सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढतो. म्हणजे थंड स्थितीत निदान ०.११ मिलिमीटरची फट आधीच सोडलेली असावी लागते. सिलिकॉन अधिक असलेला पिस्टन कमी वाढतो, म्हणून त्याला कमी फट पुरते. अनोळखी धातूच्या नकली पिस्टनला ही फट किती द्यावी, हे कोणीच सांगू शकत नाही; आणि नेमका येथे स्वस्त माल महाग पडतो.

यावरून निवडीचा क्रम निश्चित होतो. प्रथम ब्लॉक वर, मध्ये व खाली, दोन दिशांनी, असा सहा ठिकाणी मोजावयाचा. मग जुना पिस्टन शेजारी ठेवून नव्याची पिन-उंची, घेर, खिडक्या, खुंटीची जागा व वजन पडताळावयाचे. पिस्टन हातात आल्यानंतरच त्याच्या प्रत्यक्ष मापावर ब्लॉक बोर करावयाचा. आणि शेवटी रिंग ब्लॉकमध्ये बसवून तिच्या तोंडातील फट सुमारे पाव मिलिमीटर राहते की नाही ते पाहावयाचे. आधी ब्लॉक बोर करून मग पिस्टन शोधणे म्हणजे उलटी गंगा होय. तरीही ती वाहते, कारण लेथवाल्याचा दिवस व दुकानदाराचा माल यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही.

६

हा क्रम सर्वांना ठाऊक असूनही तो पाळला का जात नाही, याचे उत्तर अर्थकारणात आहे. उपनगरांतील पुष्कळ रिक्षांचा मालक एक व चालक दुसरा. चालक पाळीचे भाडे मालकास देतो व उरलेले घरी नेतो. पिस्टनची किंमत मालकाच्या खिशातून जाते. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई चालकाची बुडते. मालकाला स्वस्त पिस्टन हवा असतो, चालकाला लवकर बसणारा. टिकाऊ पिस्टन हवा असे दोघेही म्हणतात, पण त्याचा लाभ बऱ्याच महिन्यांनी दिसतो आणि तोवर चालक बदललेला असू शकतो. या दोन हितांच्या मध्ये मिस्त्री उभा असतो आणि दोषाचे खापर त्याच्यावर फुटते.

नव्वदीच्या दशकात या वादात तिसरा पक्ष आला, तो म्हणजे नागरिक. दुचाकींसाठी १९९६ च्या मानकांनी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दर किलोमीटरला ४.५ ग्रॅम ठेवली होती. २००० च्या मानकांनी ती २ ग्रॅमवर आणली. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेच्या कार्यवाहीत मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ च्या अखेरीस लाल समिती नेमली आणि पुढील काळात जुन्या टॅक्सी व रिक्षा नैसर्गिक वायूकडे वळविण्याचे आदेश निघाले. द्विधाव एंजिनाचा मूळ दोष, म्हणजे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निष्कासद्वारातून निसटणे, हा कोणत्याही उत्तम पिस्टनने नाहीसा होणारा नव्हता. परंतु चुकीच्या घेराचे पिस्टन, सैल रिंगा आणि भीतीपोटी ओतलेले जादा तेल यांनी त्या दोषात भर घातली, हेही तितकेच खरे. कायद्याने एंजिनाची जात दोषी ठरविली; दुरुस्तीचा वाटा वेगळा मोजण्याची सोय त्या चौकटीत नव्हती.

७

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सुट्या भागाची ‘अस्सलता’ ही नावाने ठरत नसून मापाने ठरते, आणि मापाचे ज्ञान भांडुप वा आकुर्डी येथील आरेखनकक्षातून उपनगरांतील लेथच्या दुकानांत क्रमाक्रमाने स्थलांतरित झाले. दुसरा असा की, या स्थलांतराची कागदोपत्री साधने तुटपुंजी असली तरी वस्तुरूप साधने विपुल आहेत. बोरिंग करणाऱ्या दुकानांच्या वह्या, कुर्ल्याच्या भंगारबाजारात येणारे पिस्टन, त्यांवरील मापांचे आकडे व ओतणाऱ्यांची चिन्हे यांचा पद्धतशीर संग्रह कोणत्याही विद्यापीठीय विभागाच्या आवाक्यातील आहे. द्विधाव रिक्षा रस्त्यावरून गेल्या, भांडुपची स्कूटर बंद झाली. जुन्या गाड्या जपणारे हौशी लोक मात्र आजही या पिस्टनच्या शोधात आहेत, आणि जुने मिस्त्री अजून आपल्यात आहेत. भंगारात गेलेला पिस्टन वितळवून त्याचा दुसरा पिस्टन ओतला जातो, आणि त्याबरोबर त्याच्यावरील मजकूरही पुसला जातो. तो वितळण्यापूर्वी वाचून घेणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे.