काडीमोड आणि कायदा

घटस्फोट ही इंग्रजी शिक्षणाने आणलेली गोष्ट आहे, असे सुशिक्षितांत अजूनही मानले जाते. ज्यांच्यात विवाह हा जन्मभराचा संस्कार होता, त्यांच्यापुरते ते खरे असेल. हदगावच्या परिसरातील आपल्या आज्यांना काडीमोड, फारकत, पाट, मोहतूर हे शब्द कोणत्याही कायद्याने शिकवले नव्हते. पंचांसमोर काडी मोडली की लग्न मोडले आणि बाई पुन्हा घर मांडायला मोकळी झाली.

मी इथल्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घरातला पहिला पदवीधर मीच, म्हणून वस्तीतले लोक फारकतीचे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. स्टँप पेपर, दोन अंगठे, चार साक्षीदार. प्रश्न एकच असतो : सर, हे कोर्टात चालेल का?

या प्रश्नाला इतिहास आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1876 साली संभू रघू खटल्यात सांगितले की, जातीने विवाह रद्द ठरवला किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी दिली, तरी न्यायालय जातीचा तो अधिकार मानणार नाही. म्हणजे वस्तीत जो पाट होता, तोच कोर्टात गुन्हा ठरू शकत होता. पुढे मुंबई प्रांतात 1947 साली घटस्फोटाचा कायदा झाला; पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्याला तो लागू नव्हता.

हिंदू कोड बिलाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच दाखवून दिले : शूद्र मानलेल्या बहुसंख्य समाजात घटस्फोट रूढीने चालतच आला आहे. बिल रखडले आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट तर दिलाच, शिवाय कलम 29 मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोटही शाबूत ठेवला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

मग अडते कुठे? रूढी आहे, एवढे म्हणून भागत नाही. ती प्राचीन आहे, अखंड आहे, हे सिद्ध करावे लागते. यमनाजी जाधव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली तेच बजावले. 1956 नंतर आपण जातपंचायत झुगारली, ते योग्यच केले. ते पंच पुरुषच असत. दंड, मुले, भांडीकुंडी यांचा निवाडा बाईला विचारून होत नसे. त्या काडीमोडीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पंच गेले आणि पुरावाही गेला.

याची किंमत बाई मोजते. हिवाळ्यात ऊसतोडीला गेलेला नवरा ट्रॅक्टरखाली सापडला, तर भरपाई मागताना तिला विचारतात : पहिल्या नवऱ्यापासून सुटल्याचा हुकूमनामा कुठे आहे? तो नसेल तर दुसरे लग्नच अवैध ठरण्याची भीती. दहा वर्षे संसार केलेली बाई कायद्यापुढे विधवासुद्धा राहत नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. कागद झाला असेल तर ती रूढी सिद्ध करून दिवाणी न्यायालयाकडून घटस्फोट ठरवून घ्यावा. दोघे राजी असतील तर 1976 साली आलेल्या कलम 13-ब खाली, वर्षभर वेगळे राहिल्यावर, एकत्र अर्ज करता येतो. नंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकते, असे 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. वकिलाचे पैसे नसतील तर 1987 च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, आणि अनुसूचित जातीच्या प्रत्येकाला, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे एक अर्ज पुरतो.

आपल्या बायकांना लग्नातून बाहेर पडण्याची वाट ठाऊक होती. त्या वाटेवर न्यायालयाचा शिक्का उमटवून घेणे, एवढेच काम आपल्या पिढीवर उरले आहे.