लोटस कार्लटन
चार दरवाजांची अतिवेगवान ब्रिटिश मोटारगाडी (१९९०–९२). जर्मनीत तयार झालेल्या ओपेल ओमेगा गाड्या इंग्लंडमधील हेथेल येथील लोटस कारखान्यात आणून त्यांचे एंजिन ३,६१५ घ. सेंमी. पर्यंत वाढवीत व त्याला दोन टर्बोभारक जोडीत. त्यामुळे ३७७ अश्वशक्ती मिळे आणि कमाल वेग ताशी सु. २८३ किमी. होई. हवेचा रोध ओलांडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनप्रमाणात वाढते. ताशी २५० किमी. वरून या वेगाला जाण्यास ती सु. ४५ टक्के अधिक लागते. बीएमडब्ल्यू, मर्सिडीझ-बेंझ आदी जर्मन कारखानदारांनी १९८०–९० या दशकाच्या अखेरीस २५० किमी. ची मर्यादा आपखुशीने पत्करली होती; लोटसने ती पाळली नाही. ब्रिटनमधील महामार्गांवर ताशी सु. ११२ किमी. एवढीच मुभा असल्याने वृत्तपत्रे व पोलीस अधिकारी यांनी गाडीवर टीकेची झोड उठविली. तरीही वेगनियंत्रक बसविला गेला नाही. टीका अगदीच अनाठायी नव्हती : १९९३-९४ मध्ये चोरीच्या अशाच एका गाडीतून वेस्ट मिडलंड्समध्ये दुकाने लुटली गेली आणि पोलिसांच्या गाड्यांना ती गाठता आली नाही. संकल्पित १,१०० गाड्यांपैकी ९५० च तयार झाल्या.