आपले कष्टकरी पूर्वज आणि विवाहाची नोंदवही

धर्मग्रामाचा महोत्सव म्हणजे केवळ इमारतीचे वय मोजण्याचा प्रसंग नव्हे. ज्यांच्या घामाने ती इमारत उभी राहिली, त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करण्याचा तो प्रसंग होय. परंतु असे स्मरण करू जाता खानदेशातील आपल्या कितीतरी कुटुंबांकडून एकच उत्तर मिळते : "आमचा कसला इतिहास, फादर? आजोबा रेल्वेत होते, एवढेच ठाऊक." हे उत्तर नम्रतेचे खरे, पण यथार्थ नव्हे. कष्टकऱ्यालाही इतिहास असतो. मात्र तो सरदार-जहागीरदारांच्या दप्तरांत न शोधता निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरची जुनी दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच झाला, व पुढील वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरी स्थापन झाले. परंतु ज्याच्या घरी दप्तरच नाही, त्याने काय करावे? आगगाडीच्या खलाशाजवळ सनद नसते. गिरणीतील साचेवाल्याजवळ वतनपत्र नसते. घरपट्टीच्या वहीत मालकाचे नाव येते, भाडेकऱ्याचे सापडेलच असे नाही. अशा मनुष्याचे नाव, पित्याचे नाव, धंदा आणि राहण्याचे ठिकाण ही चारही ज्या एका पानावर एकत्र यावयाची, ते पान म्हणजे बहुधा त्याच्या विवाहाची नोंद होय.

ही नोंद ठेवण्याची शिस्त पवित्र ख्रिस्तसभेत फार जुनी आहे. वधूवरांची व साक्षीदारांची नावे, विवाहाचा दिवस आणि स्थळ धर्मगुरूने वहीत लिहून ती वही जपून ठेवावी, असा नियम त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली केला. त्यात राजा आणि रंक असा भेद नव्हता. पुढे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने आपल्या देशात कॅथलिक विवाहांची पत्रके दर तिमाहीस सरकारी निबंधकाकडे धाडण्याचे बंधन आले. एक वही वाळवीच्या किंवा पावसाच्या भक्ष्यस्थानी पडली तरी दुसरा मार्ग उरतो, तो यामुळेच.

आता पत्त्याकडे वळू. लोहमार्ग नसता तर आपल्यापैकी अनेकांची कुळे या प्रांतात आलीच नसती. १८६५ साली थळ घाटाचा मार्ग खुला झाला. १८६७ साली भुसावळकडून नागपूरपर्यंत गाडी पोहोचली. १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडली गेली. आणि १९०० साली चाळीसगावहून धुळ्यास फाटा निघाला. या रुळांमागोमाग फिटर, फायरमन, सांधेवाले, गँगमन व आचारी आले. जळगावची खानदेश मिल आता बंद पडली. पण एके काळी तिच्या भोंग्यावर घरोघरचा दिवस उजाडत असे.

धुळे शहराच्या मध्यवस्तीत गल्ल्यांना क्रमांक आहेत. 'गल्ली नंबर ४' एवढी अक्षरे नोंदीत आढळली की जागा नेमकी उमगते. जळगावी जोशी पेठ, बळीराम पेठ, पोलन पेठ, नवी पेठ अशी पेठांची नावे येतात. भुसावळी आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ, पंधरा बंगला ही नावे रेल्वे कामगारांच्या वस्तीची. ध्यानात ठेवावे की रेल्वेच्या चाळीतील पत्ता हा नोकरीचा पत्ता होय, कुळाचा नव्हे. बदली झाली की तो पुसला जाई. म्हणून अशा पत्त्यापाशी न थांबता त्याच्या मागचा पत्ता शोधावा. गोव्याकडील एखाद्या वराचा पूर्वीचा पत्ता मुंबईच्या धोबीतलावावरील 'कूड' म्हणून दिलेला असेल, तर शोध अर्धा संपला असे समजावे. कारण कूड ही बहुधा एकेका गावच्या लोकांची असे व तिला त्या गावाचेच नाव असे. जिल्ह्याच्या नावानेही चकू नये. १९०६ पूर्वी अवघा 'खानदेश' एकच जिल्हा होता. त्या साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे. आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला.

नोंद वाचतानाही काही खुणा ओळखाव्या लागतात. लॅटिन वहीतील 'योहान्नेस' हा घरी जॉन किंवा जुआंव असेल; 'याकोबुस' हा जेम्स असेल; 'लुदोविकुस' हा लुईस. जुन्या रीतीप्रमाणे विवाह सामान्यतः वधूच्या धर्मग्रामात होई. म्हणून आजोबांची नोंद येथे न सापडल्यास आजीच्या माहेरी पाहावे. वराच्या नावापुढे 'विधुर' असे लिहिले असेल तर आणखी एक विवाह व आणखी एक मृत्यू शोधावयाचा आहे, हे जाणावे. प्लेगच्या वर्षांत आणि १९१८ च्या तापाच्या साथीत घरेच्या घरे ओस पडली होती. साक्षीदारांची दोन नावे तर कधीही सोडू नयेत. परमुलखात आलेला कामगार साक्षीस कोणाला बोलावणार? आपल्या गावचा सोबती, एकाच खात्यातील मित्र किंवा मेहुणा, यांनाच. जेथे वराचे मूळ गाव लिहिलेले नाही, तेथे साक्षीदाराच्या स्वतःच्या विवाहनोंदीत ते कधी कधी मिळून जाते.

याहून मोलाची खूण बाप्तिस्म्याच्या वहीच्या समासात असते. १९०८ सालच्या ईस्टरपासून अमलात आलेल्या रोमच्या आज्ञेने, विवाह कोठेही झाला तरी त्याची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी करण्याचा नियम घातला, व तो आजही चालू आहे. एका समासातील दोन ओळींवरून शेकडो कोसांवरचे देऊळ सापडते, ते याच नियमामुळे.

या वह्यांचे सर्वांत मोठे उपकार आपल्या आज्यांवर आहेत. लग्नानंतर स्त्रीचे माहेरचे नाव घरात कोणी उच्चारीत नाही; दोन पिढ्यांत ते पूर्णपणे लोपते. गिरणीच्या सूतखात्यात उभे राहून जिने मुले वाढविली, तिच्या पित्याचे नाव विवाहाच्या वहीखेरीज बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

आता एक नाजूक गोष्ट. शोध घेता घेता एखाद्यास आपल्या आजोबांचा धंदा हलका मानला गेलेला आढळेल; एखाद्या नोंदीत पित्याच्या नावाची जागा कोरी असेल. अशा वेळी काहींना लाज वाटते व ते शोध थांबवितात. त्यांनी संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचावा. एका सुताराच्या घरापर्यंत येणारी ती वंशावळ तामार व राहाब यांची नावे लपवीत नाही. देवाने जे कुळ आपल्या पुत्रासाठी निवडले तेही निष्कलंक नव्हते. मग आपण कोणत्या गोष्टीने खाली मान घालावी? मात्र दुसऱ्याच्या घरची नोंद ही चर्चेची वस्तू नव्हे. म्हणून वह्या सर्रास कोणाच्या हाती दिल्या जात नाहीत; प्रत्येकास त्याच्या कुळापुरता उतारा धर्मगुरूकडून मिळू शकतो.

प्रिय बंधुभगिनींनो, चाळी पाडल्या जात आहेत, गिरण्यांचे पत्ते पुसले जात आहेत आणि ते सांगू शकणारी वृद्ध माणसे एकामागून एक प्रभूच्या घरी जात आहेत. महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात : घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आईवडिलांचे राहण्याचे ठिकाण, गल्ली वा चाळीच्या नावानिशी, विचारून लिहून ठेवावे, जुनी पाकिटे व पत्रे पत्त्यांसह जपावीत, आणि आजीचे माहेरचे नाव मुलांना पाठ करवावे. एवढे हाताशी आले म्हणजे नोंदवही उघडण्यास काही अर्थ राहील. ज्यांची नावे परमेश्वराने आपल्या पुस्तकात लिहून ठेविली आहेत, त्यांची नावे त्यांच्याच नातवंडांनी विसरावीत, हे आपल्या धर्मग्रामास शोभणारे नाही.